आधी गाडी बसेल, मग जयाबाई

बेळगावातल्या वडगावच्या जयाबाईंना दोन माणसांनी धरून गाडीत ठेवलं ते मार्गशीर्षात, कॅम्पातल्या एका लग्नात, अडीचशे माणसांच्या देखत. गल्लीत पुढं हा आकडा हजारावर गेला, पण त्या दिवशी अडीचशेच होती.

झालं असं की जेवणं झाली, विडे झाले, आणि जयाबाईंचा भाचा नागेंद्र आपली नवी पांढरी गाडी दारात घेऊन आला. नागेंद्रचा निपाणीला तंबाखूचा व्यापार. गाडीही त्याला शोभेल अशीच, पायरी गुडघ्याला आणि सीट छातीला. निदान जयाबाईंच्या छातीला. त्यांची उंची चार फूट सात इंच, वय शहात्तर, आणि दोन्ही गुडघे गेली सहा वर्षं संपावर. त्यांनी पायरीवर पाय टाकून बघितला. पाय गेला, बाकीच्या जयाबाई गेल्या नाहीत. तेव्हा "आत्ती, थांब" म्हणत एका बाजूनं नागेंद्रनं आणि दुसऱ्या बाजूनं त्याच्या ड्रायव्हरनं काखेत हात घातले, उचललं आणि सीटवर ठेवून दिलं. एक चप्पल खाली राहिली. ती कुणीतरी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. हे सगळं एका हौशी पाव्हण्यानं मोबाईलवर घेतलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली दोन जोडलेले हात आणि एक फूल.

जयाबाईंनी तो व्हिडिओ एकदाच बघितला.

"बघितलीस?" त्या नातीला म्हणाल्या. "पोतं उचलताना हमाल पण 'हं' म्हणतोय. ह्यांनी तेवढं पण म्हटलं न्हाय."

नात रचना कॉलेजात शिकवायची आणि आजीजवळच राहायची. ती म्हणाली, "आजी, मदतच केली की त्यांनी."

"मी मागितलती? आता ऐक. मला शेवटाला एकदा चौघं उचलतील, तवा मी काय बोलणार न्हाय. त्याच्या आदी कुणी उचलायचं न्हाय. भाच्यानं न्हाय, ड्रायव्हरनं न्हाय, आनि देव आला तर त्याला पण सांग, बाहेर कट्ट्यावर बस म्हणून."

एवढ्यावर ते मिटलं असतं, पण चैत्रात उंबरगाळची जत्रा होती.

उंबरगाळ हे जयाबाईंचं माहेर. निपाणीच्या पुढं, सदलग्याच्या वाटेला. तिथल्या लक्ष्मीची जत्रा एकवीस वर्षांनी एकदा भरते. देवी पाच दिवस गदगेवर, म्हणजे मांडवातल्या ओट्यावर, बसते आणि गावच्या लेकी जिथं असतील तिथून ओटी घेऊन येतात. लेकीनं गावापर्यंत कसंही यावं, बैलगाडीनं यावं, एसटीनं यावं, विमानानं यावं. पण वेशीवर आपलं आपण उतरायचं आणि आपल्या पायानं माती तुडवत तीस पावलं गदगेपर्यंत जायचं. जिला उतरता येत नाही तिची ओटी तिच्या नावानं दुसरी कुणीतरी भरते. यात कुणी कमीपणा मानत नाही असं सगळे म्हणतात, आणि सगळे मानतात. मागच्या जत्रेला जयाबाई पंचावन्नच्या होत्या. पुढच्या जत्रेला सत्त्याण्णवच्या होणार होत्या.

नागेंद्र जत्रेच्या कमिटीवर होता. त्यानं यावर आपल्या परीनं मोठा मार्ग काढला आणि फोन केला.

"आत्ती, तू गावची सगळ्यात थोरली लेक. तुला वेशीपासनं गदगेपर्यंत खुर्चीवरनं मिरवत न्यायचं ठरलंय. हलगी, बँड, सगळं. बॅनर पण छापलाय, तुझ्या फोटोचा."

"खुर्ची कोण उचलणार?"

"चौघं उचलतील की."

जयाबाईंनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

दारातल्या पत्र्याखाली एक फियाट उभी होती, पद्मिनी, एक्क्याण्णव सालची. त्यांचे यजमान केशवअण्णा ह्या गाडीतून साड्यांचे गठ्ठे निपाणी, इचलकरंजीपर्यंत पोचवायचे. ओझ्यानं गाडी मागं बसायची म्हणून त्यांनी मागच्या कमानीत दोन पाटे जास्तीचे घातले. मग ती पुढं वाकलेली दिसायला लागली म्हणून पुढच्या स्प्रिंगाही उंच बसवल्या. अण्णा गेले, गठ्ठे गेले, पाटे राहिले. त्यामुळं ती गाडी जन्मानं फियाट असली तरी चालीनं उंट होती. तीत चढायचं तर जयाबाईंना आधी कट्टा लागायचा, आणि उतरायचं तर आणखी एक कट्टा. दोन्हीकडं कट्टा असलेलं गाव अजून कुणी वसवलेलं नाही.

जयाबाईंनी गल्लीच्या टोकाचा भावकू मिस्त्री बोलावून आणला. भावकूनं चाळीस वर्षांत फियाट सोडून दुसऱ्या गाडीला मनापासून हात लावला नव्हता. बाकीच्या गाड्या तो पोटासाठी दुरुस्त करायचा.

"भावकू, ही गाडी माझ्या उंचीची कर."

भावकूनं गाडीकडं बघितलं, मग जयाबाईंकडं बघितलं. "आक्का, डॉक्टर म्हणालते न्हवं, गुडघ्याच्या वाट्या बदलूया म्हणून? ते सोपं पडंल."

"गुडघे माझ्या आईनं दिलेत, गाडी कंपनीनं. बदलायचंच तर कंपनीचं बदल."

भावकू गाडीखाली आडवा झाला आणि खालूनच बोलायला लागला.

"तीन वाटा हायत. पैली, स्प्रिंगा कापायच्या. कालेजची पोरं करतात तसं. दोन वेढे उडवले की गाडी खाली."

"मग उडव."

"खरं ती कायमची खाली. आपल्या गल्लीचं गटार वलांडतानाच पोट घासणार. आनि कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागा सोडतिया. घाटात सोडली तर तुमी आनि मी एकाच दिवशी वर."

"दुसरी वाट सांग."

"आट्याचे शॉकअप येतात. वर एक चकती असते, पान्यानं फिरवली की गाडी वर, उलटी फिरवली की खाली."

"हे बरं हाय की."

"हाय. खरं दर टायमाला जॅक लावा, चाकं खोला, चारी बाजूला पाना घाला. तुमी बसायच्या आदी दोन तास, उतरायच्या आदी दोन तास."

"जत्रा पाचच दिवस हाय रं," जयाबाई म्हणाल्या. "तिसरी बोल."

भावकू गाडीखालून बाहेर आला, पाठ झटकली आणि आवाज खाली आणला. "हवा. मोठ्या ट्रकच्या केबिनखाली रबराचे बलून असतात, नारळाएवढे. ते चार बसवायचे. डिकीत हवेची टाकी, लहान कॉम्प्रेसर, आनि पुढं ड्रायव्हरला एक बटन. वर दाबलं की हवा भरून गाडी उठणार, खाली दाबलं की हवा सोडून बसणार. तुमी नंदीबैल बघितलायसा न्हवं? गुबूगुबू वाजलं की गुडघे टेकतंय. तसं."

जयाबाईंच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "म्हंजे मी वाकायचं न्हाय. ती वाकणार."

"ती वाकणार."

रचना दारातून म्हणाली, "मिस्त्री, हे पासिंगला चालतंय का? गाडीत असा बदल केलेला?"

"बाई, कागदावर गाडीची लांबी-रुंदी लिवल्या," भावकू म्हणाला. "ती नमस्कार किती वाकून करते ते लिवलेलं न्हाय." रचनाचं समाधान झालं नाही. तिनं जत्रेहून आल्यावर रीतसर विचारायचं ठरवलं, आणि आजीनंही "व्हय, आल्यावर विचार" म्हणून फार समजूतदारपणे मान हलवली.

आता प्रश्न आला की बसली गाडी म्हणजे नेमकी किती बसली? भावकूनं टेप काढली. जयाबाईंनी ती परत खिशात घालायला लावली. त्यांचा सगळा जन्म खड्ड्याच्या हातमागावर गेलेला. ज्यांनी तो माग बघितला नसेल त्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की विणणारा जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. काठावर टेकायचं, वळायचं, एकेक पाय आत घ्यायचा. गुडघे कितीही कुरकुरले तरी ही एक बैठक जयाबाईंना अजून येत होती, कारण ती गुडघ्यांना विचारून केलेलीच नसायची. त्यांनी परसातल्या विटा मागवल्या. सहा विटांची चवड रचली आणि तिच्यावर टेकून बघितलं. "एक काढ." पाच. "अजून एक काढ." चार विटांवर त्या बसल्या, तळवे सपाट टेकले, आणि हात न टेकता उभ्या राहिल्या. परत बसल्या, परत उभ्या राहिल्या. भावकूनं मोजलं नाही, पण शेजारच्या नागुबाईंनी मोजलं आणि पुढं सगळीकडं अकरा वेळा म्हणून सांगितलं.

"चार विटा," जयाबाई म्हणाल्या. "सीट चार विटांवर आली पायजे. चौथी वीट फुटकी हाय, ती पण धर."

भावकूला दोन महिने लागले. बलून त्यानं हायवेवरच्या भंगारातून निवडून आणले, एकेक पाण्यात बुडवून. ते बसवायच्या लोखंडी वाट्या उद्यमबागेत लेथवर कातून घेतल्या. मागचे जास्तीचे पाटे काढले तेव्हा जयाबाईंनी ते पुसून कोनाड्यात ठेवले, कारण ते अण्णांनी घातलेले होते. टाकी, कॉम्प्रेसर, नळी, सगळं नवं आणलं. हवा सोडायचा व्हॉल्व्ह तेवढा भंगारातलाच घातला, कारण भावकूच्या मते जुन्या पितळेसारखं पितळ आता मिळत नाही. हे वाक्य लक्षात ठेवायला हरकत नाही.

नळीवरून मात्र थोडं वाजलं. बोटाएवढी निळी प्लॅस्टिकची नळी भावकूनं गाडीच्या आतून, जयाबाईंच्या दाराच्या उंबऱ्याला लागून नेली होती.

"हे काय निळं सूत माझ्या पायात?"

"खालनं नेली तर सायलेन्सरची धग लागून वितळंल, आक्का. आतनं बरी."

नळी बांधलेल्या पट्टीचं टोक लांब राहिलं होतं. मागावरच्या बाईच्या कमरेच्या पिशवीत एक लहान कातर असतेच. जयाबाईंनी ती काढली आणि टोक छाटायला वाकल्या, तसा भावकू ओरडला, "आक्का, सांभाळून! नळीला लागली तर चारी बलून एका दमात रिकामे. गाडी धाडकन खाली!"

"चारी?"

"चारी. सगळ्यांना मिळून एकच नळी हाय."

"बरं," म्हणून जयाबाईंनी फक्त टोक छाटलं आणि कातर पिशवीत टाकली.

पहिल्या चाचणीला सगळी गल्ली जमली. भावकूनं प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावला, बुडबुडा कुठं येत नाही बघितलं आणि रचनाला म्हणाला, "दाब." कॉम्प्रेसर घुरघुरला. फियाट आधी थरथरली, मग उठली. टपावर झोपलेलं मांजर जागं होऊन खाली बघायला लागलं, आणि उतरायचं कसं ते त्यालाही कळेना. मग रचनानं खालचं बटन दाबलं. 'फुस्स' असा लांब आवाज झाला आणि गाडी चारी पायांवर खाली आली, इतकी, की नागुबाईंनी नकळत हात जोडले.

जयाबाई पुढं झाल्या. गाडीकडं पाठ केली, काठावर टेकल्या, वळल्या, एक पाय आत घेतला, दुसरा आत घेतला. कुणाचा हात नाही, कट्टा नाही, "सावकाश" म्हणणारं कुणी नाही. आत बसून त्यांनी दार आपल्या हातानं ओढून घेतलं. तो आवाज त्यांना इतका आवडला की त्यांनी दार उघडून परत एकदा लावलं.

भावकूनं सगळं मोजलं होतं. जयाबाई मोजल्या, रचना मोजली, टपावरचं मांजरही मोजलं असेल. पण त्यानं गल्ली मोजली नव्हती.

वडगावात एखादी लेक एकवीस वर्षांच्या जत्रेला निघाली की ती एकटी जात नाही. प्रत्येक घर तिच्याबरोबर आपला एक नारळ आणि शेरभर तांदूळ देवीला पाठवतं. आणि ज्या नारळ पाठवतात त्यांना नारळ नीट पोचतो की नाही हे बघायला स्वतःही यायचं असतं. जत्रेच्या सकाळी डिकीत, हवेच्या टाकीभोवती, बावन्न नारळ बसले. मागच्या सीटवर नागुबाईंसह पाच बायका बसल्या, आणि त्यांच्या मांडीवर तांदूळ बसले. पुढं रचना आणि जयाबाई. रचनानं वरचं बटन दाबलं. कॉम्प्रेसर घुरघुरला, कण्हला. गाडी चार बोटं उठली आणि तिथंच थांबली.

"मिस्त्री, उठत न्हाय!"

भावकूनं खाली वाकून बघितलं आणि डोक्याला हात लावला. "आक्का, दोन बायका कमी करा."

मागच्या सीटवरून एकही बाई हलली नाही.

"एकवीस वर्सांनी देवीला चाललोय," नागुबाई म्हणाल्या. "कमी व्हायचं असलं तर मिस्त्री, तुमच्या गाडीला सांगा."

"चार बोटं उठल्या न्हवं?" जयाबाई म्हणाल्या. "आपली बोटं जाड हायत. चल रचना."

हायवे गुळगुळीत होता, म्हणून निपाणीपर्यंत लाज राहिली. वंटमुरीच्या घाटात गाडी गोगलगायीसारखी चढली, तवंदीच्या घाटात एका उसाच्या ट्रॅक्टरनं तिला मागं टाकलं आणि ट्रॅक्टरवाल्यानं हात केला. मागच्या सीटवरून पाचही जणींनी उलटा हात केला. निपाणीच्या नाक्यावर नागेंद्र आपली माडीएवढी पांढरी गाडी घेऊन उभा होता. त्यानं फियाटचं पोट आणि रस्ता यातलं अंतर बघितलं.

"आत्ती! ही काय गाडी हाय का घोरपड? पुढं गावापर्यंत सात स्पीडब्रेकर हायत. जत्रेसाठी गावांनी नवे घातलेत, हे एवढे एवढे. माझ्यात बस."

"तुझ्यात कसं बसायचं असतंय ते सगळ्या ग्रुपनं बघितलंय," जयाबाई म्हणाल्या. "तू मागनं ये."

पहिला स्पीडब्रेकर आला. तो स्पीडब्रेकर नव्हताच, गावकऱ्यांनी मुरूम आणि सिमेंट घालून रस्त्यात झोपवलेला रेडा होता. फियाट त्याला टेकली आणि पोटातून असा आवाज आला की पांढऱ्या गाडीतला नागेंद्र "आई गं" म्हणाला. रचनानं ब्रेक दाबला. मग नागुबाईंनी आपलं दार उघडलं.

"उतरा गं समद्या. जयाबाई, तुमी बसा."

पाचही जणी तांदळासकट उतरल्या. रचनानं बटन दाबलं, आणि ओझं उतरलेली फियाट झकास वर उठली, अण्णांच्या वेळची उंच. सुळ्ळकन स्पीडब्रेकर ओलांडला, पलीकडं थांबली, 'फुस्स' करून खाली बसली. पाच बायका चालत आल्या, आत बसल्या. गाडी चार बोटं उठली आणि निघाली.

दुसऱ्या स्पीडब्रेकरला हेच झालं. तिसऱ्याला जत्रेला चालत निघालेली माणसं थांबून बघायला लागली. गाडी बसते, बायका उतरतात, गाडी उठते, ओलांडते, बसते, बायका चढतात. मध्ये एकटी म्हातारी पुढच्या सीटवर सरळ बसलेली, पदर डोक्यावर, मांडीवर ओटी. चौथ्याला एक हलगीवाला भेटला. तो जत्रेतच वाजवायला चालला होता. त्याला वाटलं हा काहीतरी विधीच आहे. गाडी उठायच्या वेळी त्यानं हलगीवर काडी मारली. पाचव्यापासून गाडी उठताना हलगी, बसताना हलगी, आणि मागं दीडशे माणूस. त्या गर्दीच्या मागं नागेंद्रची पांढरी गाडी, हॉर्न वाजवत, पहिल्या गिअरमध्ये.

सातवा स्पीडब्रेकर वेशीच्या तोंडाशीच होता. बायका उतरल्या, आता पुढं चालायचंच म्हणून उतरूनच राहिल्या. फियाट पूर्ण उंच उठून पलीकडं गेली आणि वेशीच्या कमानीखाली थांबली. समोर बॅनर होता, जयाबाईंचा फोटो हात जोडलेला आणि त्याहून मोठा नागेंद्रचा फोटो हात जोडलेला. बॅनरखाली झेंडूच्या माळा घातलेली खुर्ची आणि खुर्चीजवळ चार धडधाकट माणसं. तिथून तीस पावलांवर गदग. देवीच्या मळवटाचा लाल रंग इथूनही दिसत होता.

रचनानं खालचं बटन दाबलं.

'टक्' वाजलं. फुस्स वाजलं नाही.

तिनं परत दाबलं. टक्. परत. टक्. जुन्या पितळेसारखं पितळ मिळत नाही हे खरंच होतं. त्या व्हॉल्व्हनं सहा स्पीडब्रेकर केले आणि सातव्यानंतर तोंड उघडायचं नाकारलं.

"आजी," रचनाचा आवाज बारीक झाला, "हवा सुटत न्हाय. गाडी वरच अडकली."

जयाबाईंनी दार उघडून खाली बघितलं. माती दूर होती. अण्णांनी ठेवलेली उंची, एकही बोट कमी नाही. मागं कट्टा नाही, पुढं कट्टा नाही.

नागेंद्र धावत आला. त्याला घाम फुटला होता आणि त्याच्या तोंडावर खरोखरची काळजी होती, हे सांगितलं पाहिजे. "आत्ती, झालं एवढं पुरे. तू लई केलीस. आता हात दे. मी हळूच उचलतो, खुर्चीत ठेवतो. कुणी काय म्हणणार न्हाय. ओटी रचना भरंल तुझ्या नावानं."

त्यानं दोन्ही हात पुढं केले. चौघांनी खुर्ची गाडीशी आणली. हलगीवाल्यानं काडी वर धरली, पण मारायची कधी ते त्याला कळेना.

जयाबाईंनी त्या दोन हातांकडं बघितलं. ह्या हातांना त्यांनीच लहानपणी ह्याच वेशीवर लाडू दिले होते. मग त्यांनी आपल्या डाव्या पायाशी बघितलं.

"नागेंद्र, बाजूला हो."

"आत्ती, हट्ट करू नको—"

"हट्ट न्हाय. बाजूला हो म्हणतो, अंगावर धूळ येईल."

साठ वर्षं मागावर काढलेली बाई सूत तोडत नाही. तुटलेलं सांधते. रात्रंदिवस तेच करते, इतकं, की वडगावच्या बायकांना बोलताबोलता हवेतसुद्धा गाठी मारायची सवय असते. जयाबाईंनी जन्मात चांगलं सूत मुद्दाम कापलं नव्हतं. त्यांनी कमरेच्या पिशवीत हात घातला, लहान कातर काढली, वाकल्या, निळ्या नळीला लावली आणि दाबली.

त्यानंतर जो आवाज झाला तो सदलग्यापर्यंत गेला असं उंबरगाळचे लोक सांगतात, आणि सदलग्याचे लोक नाही म्हणत नाहीत. नळी नागासारखी उसळली. वेशीवरची सगळी धूळ उठली, झेंडूच्या माळा उडाल्या, बॅनरवरचा नागेंद्र फडफडला आणि खालचा नागेंद्र नखशिखांत पिवळा झाला. आणि त्या धुळीत फियाट चारी गुडघे टेकून खाली आली. चार विटा. चौथी फुटकी धरून.

धूळ बसली तेव्हा दिसलं ते असं. जयाबाईंनी एक पाय बाहेर घेतला होता. मग दुसरा घेतला. तळवे माहेरच्या मातीत सपाट टेकवले आणि हात न टेकता त्या उभ्या राहिल्या.

हलगीवाल्याला आता कळलं. त्यानं काडी मारली.

"आजी!" रचना आतून म्हणाली. "आता गाडी उठायची न्हाय!"

"नको उठू दे. तिचं काम झालं." त्यांनी ओटी सावरली आणि खुर्चीकडं बघितलं. "नागेंद्र, खुर्ची आणलायस तर बस जरा. घाबरलायस तू. ऊन पण लागलंय."

आणि त्या चालायला लागल्या. तीस पावलांना पाऊण तास लागला. मध्ये दोनदा थांबल्या, एकदा श्वास घ्यायला आणि एकदा बॅनरवरचा आपला फोटो नीट बघायला. बँडवाल्यांना त्यांच्या चालीनं वाजवायचं म्हणजे एक गाणं चार वेळा संपवावं लागलं. त्यांनी ओटी आपल्या हातानं भरली. नंतर बावन्न नारळ एकेक करून पुढं सरकवले, प्रत्येक घराचं नाव घेऊन. नागुबाई जवळ उभ्या राहून नावं बरोबर आहेत का ते बघत होत्या.

फियाट पाच दिवस वेशीत बसून राहिली. कमिटीनं ती ढकलून बाजूला करायचा विचार केला, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच कुणीतरी तिच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं. तिसऱ्या दिवशी समोर नारळ फुटला. चौथ्या दिवशी येणाऱ्या लेकी आधी गाडीला हात लावून मग गदगेकडं जायला लागल्या. सहाव्या दिवशी भावकू मिस्त्री बेळगावातून नवा व्हॉल्व्ह आणि नळीचा सांधा खिशात घालून आला, तर दोन म्हाताऱ्यांनी त्याला चपला काढल्याशिवाय गाडीखाली जाऊ दिलं नाही.

भावकू अनवाणीच गाडीखाली शिरला. बाहेर आला तेव्हा मान खाली होती. "आक्का, चूक झाली. व्हॉल्व्ह नवाच घालाय पायजे होता."

"व्हॉल्व्हचं राहू दे. नळी आतनं घातलीस, तेवढं लई बरं केलास."

निघताना माहेरचं सगळं घर वेशीवर आलं. गाडी बसलेलीच होती. जयाबाईंनी तिच्याकडं पाठ केली, काठावर टेकल्या, वळल्या, एक पाय आत घेतला. दुसऱ्याला जरा वेळ लागला. पाच दिवस उभं राहून गुडघे सुजले होते. गर्दीतले चार-पाच हात आपोआप पुढं झाले.

नागेंद्र दाराच्या अगदी जवळ उभा होता. त्याचे हात पुढं आले नाहीत. त्यानं ते पाठीमागं एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते, आणि पुढं झालेल्या लोकांना तो कोपरानं मागं सारत होता.

"थांबा की रं जरा," तो म्हणाला. "बसत्या ती."

दुसरा पाय आत गेला. जयाबाईंनी दार ओढून घेतलं.